बारला बांधलेली दोरी: वेग मोजणाऱ्या यंत्राबरोबरचे आठ महिने

आधी वस्तू काय आहे ते सांगते. मुठीएवढा एक डबा. त्यातून बारीक दोरी बाहेर येते आणि दोरीच्या टोकाला वेल्क्रोचा पट्टा. डबा खाली लोखंडी प्लेटवर चुंबकाने चिकटवायचा, पट्टा बारला, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्याला, गुंडाळायचा. बार वर गेला की दोरी बाहेर येते, खाली आला की आत जाते. दोरी किती वेळात किती सरकली त्यावरून फोनवर आकडा उमटतो, मीटर प्रति सेकंदमध्ये. तुम्ही वजन किती वेगाने उचललंत ते प्रत्येक रेपला, म्हणजे एकदा वर-खाली केलं की, कळतं. एवढंच त्याचं काम. बाकी सगळं ॲपचं, आणि माझी भांडणंही बहुतेक ॲपशीच आहेत.

कंपनीचं नाव देत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. शिवाय दोरीवाली यंत्रं आतून साधारण सारखीच असतात, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डब्याच्या बाबतीतही हे वाचून उपयोग व्हावा.

मी ध्वनिसंकलन करते. दिवसभर हेडफोन लावून लोकांचे श्वास, खोकले आणि 'म्हणजे'मधल्या पोकळ्या कापत बसते. पाव सेकंद म्हणजे किती, हे मला कानाने कळतं. वजनं उचलायला लागले एकेचाळिसाव्या वर्षी. आता चव्वेचाळिसावं चालू आहे. हे सांगायचं कारण एवढंच की हा आढावा कोणा खेळाडूचा नाही. मला मांड्या आणि पाठ भरायला हवी आहे. उंच उडी मारायची नाही.

यंत्र घेतलं ते भांडण मिटवायला. जिममधले कोच म्हणायचे, "मॅडम, सावकाश. वर जाताना सावकाश, खाली येताना त्याहून सावकाश. स्नायूला वेळ द्या." माझा मामेभाऊ माझ्याआधी दहा वर्षं वजनं उचलतोय. तो शेजारच्या रॅकमधून ओरडायचा, "ताई, उडव! ढकल जोरात, काय मुंगी चालल्यासारखं चाललंय!" दोघंही माझ्यापेक्षा जाड दंडांचे, त्यामुळे दंड बघून निकाल लावायची सोय नव्हती.

डबा यायच्या आधी मी एक चहाटळपणा केला. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून कोचना माझा सेट, म्हणजे न थांबता सलग केलेल्या रेप्स, मोजायला लावलं. बार खाली आणताना चार आकडे मोजायचे, असा त्यांचा नियम. घरी आल्यावर फाइल उघडली आणि खुणा लावल्या. पहिल्या रेपला त्यांचे 'एक, दोन, तीन, चार' ४.१ सेकंदांत झाले होते. पाचव्या रेपला ३.२. आठव्याला २.३. माझा चेहरा लाल होत गेला तसे कोचचे सेकंद आखूड होत गेले. त्याला मी दया म्हणते. स्वतः मोजलं तरी हेच होतं. बार छातीवर असताना मनातला सेकंद प्रामाणिक राहत नाही. 'मी चार सेकंदांच्या टेम्पोने व्यायाम करते' असं सांगणाऱ्या कोणाचंही म्हणणं तेव्हापासून मी अर्ध्यावर धरते, माझंसुद्धा.

म्हणून या यंत्राची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे टेम्पो मोड. चार आकडे भरायचे: खाली यायला किती, तळाशी थांबायला किती, वर जायला किती, वर थांबायला किती. ही आकड्यांची पद्धत इयान किंग या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने तीन आकड्यांपासून सुरू केली आणि चार्ल्स पोलिक्विन यांनी चौथा जोडला, असं या वर्तुळात सगळ्यांना पाठ असतं. मी ४-१-२-० भरलं. ॲप टिकटिक करतं आणि तुम्ही टिकटिकीच्या पुढे धावलात की आवाज बदलतो. तो दुसरा आवाज इतका कर्कश आहे की माझ्या धंद्यात असा आवाज कोणी पाठवला असता तर मी परत पाठवला असता. पण दया नावाची गोष्ट त्या डब्याला माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं की मनातल्या मनात मोजलेले माझे 'चार' सेकंद अडीचच्या वर कधी गेलेच नव्हते.

खरेखुरे चार सेकंद खाली आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून होते. चढताना काही नाही, उतरतानाच. स्नायू आखडत असताना जेवढं वजन उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन तो लांबत जाताना अडवून धरू शकतो, आणि व्यायामानंतरची ती दोन दिवसांची ठणक मुख्यतः या अडवून धरण्यातूनच येते. आपण मात्र वजन वर नेलं की काम संपलं समजतो आणि खाली सोडून देतो. ठणक म्हणजे वाढ नव्हे, हे मला माहीत आहे. तरी वजन सोडून देणं आणि उतरवणं यांत फरक आहे हे कोचचं म्हणणं मी त्या जिन्यावर मान्य केलं.

आता मूळ प्रश्न. सावकाश केल्याने स्नायू जास्त वाढतो का?

यासाठी मी दहा आठवडे माझ्याच दोन पायांना एकमेकांविरुद्ध उभं केलं. लेग एक्स्टेन्शनच्या (बसून गुडघ्यातून पाय सरळ करायच्या) मशीनवर एकेक पाय वेगळा करता येतो. दोरी बारऐवजी मशीनच्या वजनांच्या थप्पीला बांधली. हा वापर माहितीपत्रकात नाही, पण छान चालतो. डावा पाय सावकाश: वर तीन सेकंद, खाली चार. उजवा पाय नेहमीसारखा: वर एक, खाली दोन. दोन्ही पायांना अट एकच, की आणखी एक रेप होईल असं वाटेनासं होईपर्यंत थांबायचं नाही. उजव्या पायाने ३० किलो बारा वेळा जायचं. डाव्याला तेवढ्यावर सहासुद्धा होईनात, म्हणून २२.५ किलोवर आले तेव्हा दहा झाले. आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन सेट. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटीमीटर वर पेनाने खूण करायची आणि दर रविवारी सकाळी टेप लावायची.

दहा आठवड्यांनी डावी मांडी ०.९ सेंटीमीटरने वाढली, उजवी ०.८ ने. सलग तीनदा टेप लावली तर तिन्ही आकड्यांमध्येच दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, तेव्हा या एका मिलिमीटरला काही अर्थ नाही. एका बाईचे दोन पाय म्हणजे संशोधन नव्हे हेही खरं. पण मला हवं ते उत्तर मिळालं, आणि ते ज्यांनी नीट मोजलंय त्यांच्या उत्तराशी जुळतं. २०१५ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे आठ अभ्यास एकत्र करून पाहिले. एका रेपला एकूण अर्धा सेकंद लागो की आठ सेकंद, सेट जोवर दमछाक होईपर्यंत नेला जातो तोवर स्नायूच्या वाढीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की मात्र पारडं उलट्या बाजूला झुकताना दिसलं.

ती दहा सेकंदांची भानगडही मी करून पाहिली, कारण ॲपमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे: 'अतिसंथ'. हा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत केन हचिन्स यांनी पुढे आणला. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क बायकांबरोबर काम करताना त्यांना इजा होऊ नये म्हणून वेग कमी केला, अशी त्याची सुरुवात. त्या जागी ते शहाणपणाचंच होतं. पुढे त्याचा पंथ झाला. मी बेंच प्रेसवर (बाकावर उताणं झोपून छातीवरून बार वर ढकलायचा व्यायाम) दहा सेकंद वर, चार सेकंद खाली असं ठेवलं. वजन नेहमीच्या जवळपास निम्म्यावर आणावं लागलं. चौथ्या रेपला दंड लटलटायला लागले, पाचव्याला बार अध्येमध्ये थबकायला लागला, आणि ॲपने त्या थबकण्याला 'रेप पूर्ण' समजून टाळ्या वाजवल्या. जळजळ विचारू नका. एवढी जळजळ झाली म्हणजे नक्कीच काहीतरी जबरदस्त घडत असणार, अशी खात्री वाटते. २०१२ साली शुएन्के आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या तरुण बायकांवर सहा आठवडे हेच तपासलं: एका गटाला दहा सेकंद वर, चार खाली, दुसऱ्याला नेहमीचा वेग आणि जड वजन. स्नायूतंतूंची वाढ नेहमीच्या वेगवाल्यांची जास्त भरली. जळजळीचे गुण कोणी देत नाही.

पण सावकाशीची बाजू इतक्यात संपत नाही. जपानमध्ये तानिमोतो आणि इशी यांनी २००६ साली दाखवलं होतं की कमाल वजनाच्या निम्मंच वजन घेऊन तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली केलं आणि स्नायूला मध्ये कुठेही सैल पडू दिलं नाही, तर बारा आठवड्यांत मांडी जवळपास तेवढीच वाढते जेवढी ८० टक्के वजनाने नेहमीच्या वेगात वाढते. मला हे फार कामाचं वाटलं. मध्ये माझा उजवा गुडघा तीन आठवडे कुरकुरत होता. जड स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या उठाबशा, बंद होते. तेव्हा हलक्या वजनावर ३-०-३-० लावून मी काम चालू ठेवलं. जड वजन मिळत नसेल, सोसत नसेल, तेव्हा सावकाशी त्याची जागा भरून काढू शकते. मात्र जड वजन उचलता येत असताना मुद्दाम हलकं घेऊन सावकाश करत बसायचं, यात फायदा काय ते मला अजून सापडलेलं नाही.

इथवर मला वाटत होतं की कोच आणि मामेभाऊ दोघंही सारखेच बरोबर आणि सारखेच चूक, आणि डबा परत करून टाकावा. मग एक गंमत झाली.

बेंच प्रेसचा सेट चालू होता. यंत्र 'थकवा' मोडवर होतं. या मोडमध्ये ते तुमच्या सर्वांत वेगवान रेपशी पुढच्या प्रत्येक रेपची तुलना करतं आणि वेग ठरावीक टक्क्यांनी घसरला की 'थांबा' म्हणतं. पहिली रेप मी जोरात ढकलली: ०.४५. दुसरीला जुन्या सवयीने सावकाश गेले, कोचची चार सेकंदांची. ०.१२. लगेच ॲप: थांबा, थकवा ७३ टक्के. मी ठणठणीत. अजून आठ रेप्स अंगात होत्या. मी हसायला लागले आणि हसता हसता बार पडता पडता राहिला.

त्याच दिवशी शेवटच्या सेटला उलट झालं. दहावी रेप. मी जीव खाऊन ढकलतेय, दात ओठ खाऊन, आणि बार मुंगीच्या पावलांनी वर चाललाय. आकडा ०.१९. मामेभाऊ डोक्याशी उभा होता, बारखाली हात धरून, पण न लावता. तो म्हणाला, "ताई, याला म्हणतात सावकाश. मघाशी करत होतीस ती टंगळमंगळ."

त्याने जे एका वाक्यात सांगितलं ते कळायला मला पुढचे दोन आठवडे लागले. संथपणा दोन जातींचा असतो. एक आपण घेतलेला, दुसरा आपल्यावर आलेला. बारचा वेग बाहेरून सारखाच कमी दिसला तरी स्नायूच्या आत दोन वेगळी दृश्यं चालू असतात.

आलेला संथपणा आधी. ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काम करून दाखवलं की स्नायू जितका वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी, जितका सावकाश आखडतो तितका जास्त. कारण आत मायोसिन या प्रथिनाचे असंख्य बारीक हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा दोर ओढत असतात. दोर भरभर सरकत असेल तर हातांना पकडायला वेळच मिळत नाही. कुठल्याही एका क्षणी थोडेच हात पकडीत असतात. दोर हळू सरकला की पकडीतले हात वाढतात आणि तंतूवर ताण वाढतो. स्नायूला वाढायचा निरोप मुख्यतः या ताणातून जातो. आता दुसरी गोष्ट जोडा. मेंदू स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही. आधी छोटे, काटक. गरज पडली तर मग मोठे, जोरकस. हा क्रम एल्वुड हेनेमन यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत मांडला. सेटच्या शेवटाकडे आधीचे तंतू थकलेले असतात, मोठ्यांना बोलावणं गेलेलं असतं, आणि दमल्यामुळे तेही सावकाशच आखडत असतात. म्हणजे सगळे हजर आणि सगळ्यांवर ताण. दहाव्या रेपला माझ्या छातीत आणि दंडात हे चाललं होतं.

घेतलेल्या संथपणात काय होतं? मी हेतूनेच जोर रोखून धरलेला. बार खाली पडू नये आणि हळूहळू वर सरकावा एवढाच जोर हवा, म्हणून मेंदू तेवढेच तंतू बोलावतो. मोठे घरीच. तेच सेट लांबला, दमछाक आली, की त्यांनाही यावं लागतं. म्हणून तर माझा डावा पाय उजव्याच्या मागे पडला नाही. शेवटच्या तीन-चार रेप्सना दोन्ही पाय एकाच जागी पोचत होते. तिथवर जायचा रस्ता तेवढा वेगळा.

ही गोष्ट यंत्राला कळत नाही, आणि कळणार तरी कशी? त्याच्याकडे दोरी आहे, माझा हेतू नाही. पण माहितीपत्रकात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य हवं होतं: थकवा मोजायचा असेल तर प्रत्येक रेप वर नेताना पूर्ण जोर लावा, नाहीतर आकडा निरर्थक आहे. ते वाक्य मला सतराव्या पानावर, बॅटरीच्या सूचनांनंतर सापडलं. एकाच ॲपमध्ये टेम्पो मोड आणि थकवा मोड शेजारी-शेजारी ठेवलेत, एक म्हणतो रोखून धर, दुसरा गृहीत धरतो की रोखून धरलेलं नाही, आणि दोघं एकमेकांविषयी काहीच बोलत नाहीत.

आता माझी मोठी तक्रार.

थकवा मोडमध्ये घसरणीची मर्यादा आधीपासून २० टक्के ठेवलेली येते. म्हणजे स्क्वॉटची पहिली रेप ०.६० ची असेल तर ०.४८ झाली की 'थांबा'. मी सहा आठवडे आज्ञाधारकपणे थांबले. सेट संपायचा तेव्हा श्वाससुद्धा फुललेला नसायचा. मला वाटलं, विज्ञान आहे बुवा, आपण कोण. जिममधून बाहेर पडताना इतकं ताजंतवानं मला याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि संशय यायला तिथेच हवा होता. सहा आठवड्यांत टेप जागची हलली नाही. दर रविवारी तीच खूण, तोच आकडा.

२०१७ साली पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, या यंत्रांच्या जगात तो सगळ्यांना माहीत असतो. आठ आठवडे स्क्वॉट. एका गटाने वेग २० टक्के घसरला की सेट थांबवायचा, दुसऱ्याने ४० टक्के घसरल्यावर. २० टक्केवाल्यांच्या रेप्स जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाल्या, तरी स्क्वॉटची ताकद दोघांची सारखी वाढली. उंच उडी २० टक्केवाल्यांची जास्त सुधारली: ९.५ टक्के, विरुद्ध ३.५. पण मांडीच्या पुढच्या स्नायूंची वाढ? ती ४० टक्केवाल्यांची जास्त.

म्हणजे २० टक्के हा आकडा चुकीचा नाही. तो दुसऱ्या कोणासाठी तरी आहे: ज्याला उडायचंय, पळायचंय, उद्या सामना आहे आणि पाय ताजे हवेत. ॲप सुरू करताना मला 'तुमचं ध्येय काय' असं विचारलं होतं. मी 'स्नायूवाढ' निवडलं होतं. त्या उत्तराने फक्त पडद्याचा रंग बदलतो, मर्यादा नाही. हे मी त्यांना कळवलं. उत्तर आलं की मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते. येते, मला माहीत आहे. बदलायची असते हे कोणी सांगायचं?

मर्यादा ४० वर नेली. आता ०.६० वरून ०.३६ पर्यंत जायचं. स्क्वॉटमध्ये जेमतेम एकदाच उठेल असं वजन साधारण ०.३० च्या आसपास हलतं, त्यामुळे ०.३६ म्हणजे खड्ड्याच्या काठावर उभं राहणं. अंगात एखाद-दुसरी रेप उरते. बेंच प्रेसला तो काठ आणखी खाली, ०.१७ च्या जवळ. म्हणून एकच टक्केवारी दोन्ही व्यायामांना लावली तर एकात तुम्ही काठावर असता आणि दुसऱ्यात काठ अजून दूर. बेंचला ०.४५ वरून ४० टक्के म्हणजे ०.२७, तिथे माझ्यात अजून दोन-तीन रेप्स निघतात. मी बेंचला ५० टक्के ठेवते. ॲप व्यायामागणिक वेगळी मर्यादा लक्षात ठेवत नाही, दर वेळी हाताने बदलावी लागते. आठ महिन्यांत चार अद्ययावत आवृत्त्या आल्या. चारही वेळा नवीन रंग आले.

मामेभावाच्या 'उडव'बद्दलही लिहायला हवं, नाहीतर तो मला सोडणार नाही. स्पेनमधल्या गोन्सालेस-बादियो यांच्या गटाने २०१४ साली बेंच प्रेसवर दोन गट केले: तेवढंच वजन, तेवढ्याच रेप्स, पण एकाने वर नेताना पूर्ण जोर लावायचा, दुसऱ्याने मुद्दाम निम्म्या वेगाने न्यायचं. कमाल वजनातली सुधारणा पहिल्यांची १८.२ टक्के, दुसऱ्यांची ९.७. हे ताकदीचं झालं, मांसाचं नव्हे. पण माझा 'उडव'ला असलेला विरोध त्याने संपला. फक्त उडवणं म्हणजे वर जातानाचा जोर. कंबरेचा झोका नव्हे, आणि वरून वजन टाकून देणं तर नव्हेच. डंबेल कर्लला तो स्वतः पाठीने झोका देतो. मी दोरी बांधून त्याला ०.९ चा आकडा दाखवला, तो खूश झाला, आणि मग मी त्याला व्हिडिओ दाखवला.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. दोरी सरळ उभी जात असेल तरच आकडा खरा. बार तिरका गेला, किंवा लंजमध्ये (एक पाय पुढे टाकून खाली बसायचा व्यायाम) तुम्ही पुढे सरकलात, की दोरी तिरपी ताणली जाते आणि वेग भलताच येतो. डंबेलला पट्टा बांधणं म्हणजे मांजराला पट्टा बांधणं. रॅकमधून बार उचलून मागे पाऊल टाकलं तर तीही एक रेप धरली जाते, आणि तीच सर्वांत वेगवान निघाली तर पुढची सगळी टक्केवारी तिच्याशी मोजली जाते. म्हणून आधी बार घेऊन स्थिर उभं राहायचं, मग कोणालातरी फोनवरचं बटण दाबायला सांगायचं. एकट्याने व्यायाम करणाऱ्यांना हे जमणार नाही. वेल्क्रो पाचव्या महिन्यात घसरायला लागला, मी त्यावर केसांचं रबर बांधते. मोजमाप स्वतः मात्र चोख आहे. मी फोनवर संथ चित्रीकरण करून फ्रेम मोजून पाहिल्या, आठ-दहा रेप्सचे आकडे ताडून पाहिले, फरक शंभराव्या भागाच्या आतबाहेर होता. हे माझं रोजचं काम असल्यामुळे इथे मला फसवणं अवघड आहे.

खाली येतानाचा वेग ते मोजतं, पण दाखवत नाही. तीन पडदे आत गेलं की एका आलेखात सापडतो. मला विचाराल तर जिममधल्या बहुतेक लोकांना तोच आकडा डोळ्यांसमोर हवा आहे.

कोणी घ्यावं? ज्यांना सेटच्या शेवटी आपण खरंच दमलो की कंटाळलो हे कळत नाही, त्यांनी. मी त्यांतलीच होते. आठव्या रेपला 'झालं' म्हणायची माझी सवय होती आणि आकडा सांगायचा की वेग जेमतेम १५ टक्के घसरलाय. दोन-तीन महिन्यांत अंगालाच तो काठ ओळखू यायला लागतो. मग यंत्राची गरज उरत नाही, किंवा महिन्यातून एकदा खात्री करून घेण्यापुरती उरते. सावकाश केल्याने स्नायू फुगतील म्हणून टेम्पो मोडसाठी घेत असाल तर घेऊ नका. टिकटिक करणारं कुठलंही फुकटचं ॲप तेवढं काम करतं, आणि त्याचा आवाजही बरा असतो. दंड-खांद्यांचे डंबेलचे व्यायामच जास्त करत असाल तरीही नको.

पाचपैकी तीन तारे. ॲपने मला पहिल्याच दिवशी मर्यादा बदलायला सांगितलं असतं तर चार दिले असते.

सध्या माझं असं चालतं: खाली येताना दोन-तीन सेकंद, मोजून नाही, अंदाजाने, वर जाताना लागेल तेवढा जोर, बार चालेल तेवढा चालू दे. आवाज बंद. डबा बहुतेक दिवस मामेभावाच्या पिशवीत असतो. कोचनी परवा तो मागून घेतला, स्वतःच्या बारला बांधला, सहा रेप्स केल्या आणि फोनकडे बघून म्हणाले, "मॅडम, याचा सेकंद जरा मोठा आहे का हो?"